घाटाच्या उतारावर एसीसी: ६० चे ६७ का होतात आणि वाईत पोचल्यावर ब्रेकचा वास का येतो

सांगलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. नवी डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही आहे, रडारवाला अडॅप्टिव्ह क्रूझ कंट्रोल, म्हणजे एसीसी आहे: ठरवलेला वेग राखायचा आणि पुढच्या गाडीपासून अंतर ठेवायचं, हे त्याचं काम. पुण्याहून येताना खंबाटकी चढून सुरूरच्या बाजूला उतरत असताना क्रूझ ६० ला लावलेला होता, तरी वेग ६७ वर गेला. मग गाडीने आपणहून ब्रेक लावला, सोडला, पुन्हा लावला. दुसऱ्या दिवशी पाचगणीहून पसरणी घाट उतरताना ४० ला लावला, तर एका वळणावर पुढची जीप दिसेनाशी होताच गाडीने चक्क पिकअप घेतला. वाईत पोचल्यावर पुढच्या चाकांतून जळका वास येत होता. सर्व्हिस सेंटरने स्कॅनर लावून 'एरर नाही, सगळं नॉर्मल' असं सांगून परत पाठवलं. वडिलांचं म्हणणं, घाटात हे असलं काही लावायचंच नाही. बरोबर कोण?

सर्व्हिस सेंटर बरोबर आहे. वडील जास्त बरोबर आहेत.

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. वेग ठरवलेल्या आकड्याच्या वर का गेला, ब्रेक का तापले, आणि वळणावर गाडी उलट जोरात का निघाली. पहिल्या दोघांचा संबंध गिअरशी आहे, तिसऱ्याचा रडारच्या नजरेशी. म्हणून वेगवेगळं घेऊ.

आधी एक कबुली. एसीसी या एकाच नावाखाली बाजारात बऱ्याच तऱ्हा आहेत. कुठे पुढच्या बंपरमध्ये रडार आणि काचेमागे कॅमेरा असे दोन्ही असतात, कुठे नुसता कॅमेरा. कुठे गाडी पूर्ण थांबेपर्यंत एसीसी चालतो, कुठे ३० च्या आसपास तो हात वर करतो. उतारावर कुठल्या गाडीचा गिअरबॉक्स आपणहून खालचा गिअर घेतो, कुठल्या गाडीचा वरच्याच गिअरमध्ये निवांत बसतो. त्यामुळे खाली दिलेले आकडे साधारण १,८०० किलोच्या, माणसं-सामान धरून, डिझेल ऑटोमॅटिकचे समजा. तुमच्या गाडीत थोडं इकडेतिकडे होईल, हिशेब बदलणार नाही.

हिशेबासाठी ६ टक्के उतार धरू, म्हणजे १०० मीटर पुढे गेलात की ६ मीटर खाली. १,८०० किलोच्या गाडीला असा उतार सतत १०८ किलोच्या जोराने पुढे ढकलत असतो. त्यातले २० किलोच्या आसपास टायरच्या रोधात जिरतात, ६० च्या वेगाला साधारण १५ किलो हवा अडवते. उरले ७० किलो. हे ७० किलो कुणीतरी धरून ठेवायला हवेत, नाहीतर गाडी वेग घेणार. धरणारे दोघेच: इंजिन किंवा ब्रेक.

ॲक्सिलरेटर पूर्ण सुटला की आजकालच्या इंजिनात डिझेल-पेट्रोल जाणं बंद होतं आणि इंजिन उलट चाकांना ओढून धरतं. पण किती, ते गिअरवर अवलंबून. दोन लिटरच्या आसपासचं डिझेल इंजिन पाचव्या गिअरमध्ये, ११०० च्या आरपीएमला, चाकांपाशी जेमतेम २० किलो धरतं. तेच तिसऱ्या गिअरमध्ये, २३०० च्या आसपास, ५० किलो. म्हणजे तिसरा गिअर असेल तर ब्रेकला २० किलोच उचलायचे राहतात. पाचवा असेल तर ५०.

आता तुमचे ६७ बघा. क्रूझ ६० ला लावला की गिअरबॉक्सच्या लेखी हा निवांत हायवेचा वेग, त्यामुळे तो वरचा गिअर घेऊन बसतो. उतार सुरू झाला. एसीसी आधी इंजिनाचा पुरवठा तोडतो आणि वाट बघतो. जरा वेग वाढला की लगेच ब्रेक लावायचा नाही, असंच त्याला शिकवलेलं असतं. नाहीतर साध्या चढउताराच्या हायवेवरही मागचे ब्रेक लाइट दर दोन मिनिटांनी लागतील आणि मागचा ड्रायव्हर शिव्या घालेल. पाचव्या गिअरमध्ये न धरलेले ५० किलो गाडीला दर सेकंदाला साधारण एक किलोमीटर प्रतितास वेग देतात. सात सेकंद थांबला की ६० चे ६७. मग पंप ब्रेकमध्ये दाब तयार करतो, वेग उतरतो, दाब सुटतो, पुन्हा तेच. तुम्ही बघितलेलं लावणं-सोडणं ते हेच. नीट कान दिलात तर बॉनेटखालून बारीक घरघर ऐकू येते; ईएससीचा (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पंप काम करत असल्याचा तो आवाज. ज्या गाड्यांत ब्रेकला दाब देणारा इलेक्ट्रिक बूस्टर आहे तिथे तो आवाजही येत नाही आणि ब्रेक लागतोय हे कळतही नाही.

जुन्या साध्या क्रूझमध्ये ब्रेक लावायची सोयच नसते. तिथे ६० चे ८० झाले तरी तो फक्त इंधन तोडून बसतो. तुमच्या गाडीचा एसीसी ६७ वर अडवतोय, म्हणजे काम करतोय. स्कॅनरला एरर सापडला नाही तो यामुळेच.

आता वास. एसीसी ब्रेक लावतो तेव्हा तेच पॅड, त्याच डिस्क, तेच ब्रेक ऑइल वापरतो. त्याच्याकडे वेगळा ब्रेक नाही. वरच्या हिशेबात उरलेले ते ७० किलो, खंबाटकीचा उतार पाच किलोमीटर धरला आणि सगळं ब्रेकवर टाकलं, तर जेवढी उष्णता तयार होते तेवढ्यात सव्वा लिटरभर पाणी उकळून पूर्ण वाफ होऊन जाईल. ती जाते कुठे, तर चार डिस्कमध्ये, त्यातही जास्त वाटा पुढच्या दोघींत. पायाने ब्रेक लावणाऱ्याला हे जाणवत राहतं: पाय दुखतो, पेडल जरा खोल जातं, माणूस वैतागून गिअर खाली घेतो. एसीसीच्या पायाला दुखत नाही. तो न कुरकुरता घाटभर ब्रेक घासत राहतो आणि तुम्हाला पहिली बातमी मिळते ती वाईच्या चौकात, नाकाला.

पसरणीत हे जास्त होतं. वाई आणि पाचगणीच्या उंचीत साडेपाचशे मीटरहून थोडा जास्तच फरक आहे आणि रस्ता बारा-तेरा किलोमीटरचा, म्हणजे सरासरी उतार पाच टक्क्यांच्या आत-बाहेर. खंबाटकीपेक्षा लांब, वेग कमी, त्यामुळे डिस्कला थंड करणारी हवाही कमी. ४० च्या वेगाला वरचा गिअर धरला तर इंजिनाची मदत जवळजवळ शून्य.

काही गाड्या ब्रेकचं तापमान हिशेबाने ओळखतात आणि फार तापले की एसीसी बंद करतात. एक टुंग आवाज, मीटरमध्ये एक ओळ, आणि गाडी तुमच्या हवाली. नेमकी उतारावर, नेमकी ब्रेक तापलेले असताना. पाय जमिनीवर ठेवून बसलेल्या ड्रायव्हरला पेडल शोधायलाच एक सेकंद जातो. ६० ला त्या सेकंदात गाडी साडेसोळा मीटर पुढे गेलेली असते.

मग गिअर आपणच खाली घेतला तर? हाच उपाय, पण गाडीगणिक फरक आहे. स्टिअरिंगमागच्या पॅडलने किंवा मॅन्युअल मोडमध्ये गिअर खाली घेतल्यावर काही गाड्यांत एसीसी चालू राहतो, काही गाड्यांत सुटतो, आणि काहींत थोड्या वेळाने गिअरबॉक्स परत स्वतःच्या मनाने वर जातो. तिसरा प्रकार जास्त फसवा. सपाट रस्त्यावर एकदा बघून ठेवा. ओळखायची खूण साधी: उतारावर वेग स्थिर आहे आणि टॅकोमीटर (आरपीएमचा काटा) १२००-१५०० वर, तर भार ब्रेकवर आहे. टॅकोमीटर २२००-२८०० वर असेल तर गिअर काम करतोय. पेट्रोलमध्ये हे आकडे ५००-७०० ने जास्त धरा. दुसरी खूण रात्रीची: मागच्या आरशात कठड्यावर किंवा दिशाफलकावर लाल उजेड पडत असेल तर तुमचा ब्रेक लागलेला आहे, तुम्ही लावलेला नसला तरी.

आता तिसरी गोष्ट, वळणावरचा पिकअप. ही मला तिन्हींत जास्त धोक्याची वाटते, कारण वासाने निदान सावध तरी होता येतं.

रडार लांबवर बघतो तेव्हा त्याची नजर अरुंद असते. सरळ हायवेवर दीडशे-दोनशे मीटर दूरची गाडी ओळखणारा झोत डावी-उजवीकडे जेमतेम दहा अंश उघडतो. जवळचा झोत रुंद असतो, पण त्याची पोच कमी. पसरणीच्या यू वळणावर पुढची जीप वीस मीटरवर असली तरी ती तुमच्या नाकासमोर नसते, बाजूला असते. रडारच्या दृष्टीने ती रस्ता सोडून गेली. पुढे मोकळं, मग एसीसी त्याचं ठरलेलं काम करतो: अडवलेला वेग परत ४० वर न्यायचा. जीपमागे तुम्ही २० ने येत होता, म्हणजे त्याला २० चा खड्डा भरून काढायचाय. सपाट रस्त्यावर हे हळूहळू होतं. इथे त्याला उतार मदत करतो, त्यामुळे जोर जास्त वाटतो. काही गाड्या स्टिअरिंग किती वळलंय ते बघून वळणात वेग घेणं रोखतात. पण त्यांचा हिशेब हायवेच्या वळणांसाठी असतो, घाटातल्या कोपऱ्यांसाठी नाही.

उलटंही होतं. वळणावर समोरून चढणारी एसटी क्षणभर बरोबर तुमच्या नाकासमोर येते आणि गाडी विनाकारण ब्रेक मारते. मागे एखादा पिकअप टेम्पो चिकटून असेल तर तो तुमच्या डिकीत.

आडव्या नजरेइतकीच उभी नजरही तोकडी आहे, आणि याचा विचार फार थोडे लोक करतात. रडारचा झोत वर-खाली तीनेक अंशच उघडतो. तुम्ही माथ्यावर सपाट भागात आहात आणि पुढची कार ८ टक्के उतारावर ५० मीटर खाली गेलीय. ती तुमच्या पातळीपासून ४ मीटर खाली आहे. झोताची खालची कड त्या अंतराला अडीच मीटरच्या आसपास पोचते. कारचं छतसुद्धा त्याच्या खाली राहतं. म्हणजे माथा ओलांडताना काही क्षण एसीसी अक्षरशः आकाशाकडे बघत असतो. साताऱ्याहून पुण्याकडे जाताना खंबाटकीच्या जुन्या बोगद्यातून बाहेर पडलं की लगेच उतार आणि पुढे इंग्रजी एस आकाराचं वळण आहे. तिथे यात अजून एक भर पडते, कॅमेऱ्याला अंधारातून एकदम उजेडात यावं लागतं. त्या एवढ्या पट्ट्यात यंत्राला नको त्या सगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत. बोगद्यात शिरण्याआधी क्रूझ काढा.

डिकी भरलेली असेल तर आणखी. मागे पाच माणसांचं सामान, वर स्ट्रॉबेरीचे खोके, की गाडीचं नाक अर्धा-एक अंश वर उचललं जातं. १०० मीटरवर एक अंश म्हणजे पावणेदोन मीटर. बंपरला कुणी ठोकर दिली असेल, पेंट करताना रडारचा कंस हलला असेल, किंवा काच बदलल्यावर कॅमेरा कॅलिब्रेट केला नसेल, म्हणजे त्याची नजर परत जुळवली नसेल, तर हाच घोटाळा कायमचा बसतो, आणि स्कॅनरमध्ये एरर येईलच असं नाही. बंपरवर लोखंडी गार्ड लावला असेल तर तो आधी काढा. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्राने त्यावर कारवाई करायला राज्यांना सांगितलंच आहे, शिवाय तो रडारसमोर आडवा येतो.

मग घाटात एसीसीकडे ब्रेकचा जोर तरी किती असतो? आयएसओ १५६२२ हे एसीसीचं आंतरराष्ट्रीय मानक. त्यात हायवेच्या वेगाला एसीसीने लावायच्या ब्रेकची मर्यादा साडेतीन मीटर प्रति सेकंद वर्ग अशी आहे. कमी वेगाला ती वाढत जाते. कोरड्या डांबरावर माणूस जीव तोडून ब्रेक मारतो तेव्हा आठच्या वर जातो. म्हणजे एसीसी निम्म्याहून कमी जोर वापरणारी आरामाची सोय आहे. अचानक धडक टाळणारा ब्रेक ही वेगळी व्यवस्था. तिचं बटण वेगळं, तिची अक्कल वेगळी, आणि ती घाटातही चालूच ठेवायची.

हा आकडा घाटात कसा लागू पडतो ते एका उदाहरणात बघा. वळण संपलं आणि ४० मीटरवर पहिल्या गिअरमध्ये २० ने उतरणारा ट्रक दिसला. तुमचा एसीसी ६० वर. दोघांच्या वेगातला फरक ४०, म्हणजे सेकंदाला ११ मीटर. ट्रक खरोखर आपल्याच रस्त्यात आहे हे ठरवून दाब तयार व्हायला एक सेकंद धरला तर ११ मीटर गेले. ट्रकमागे १० मीटर जागा ठेवायची असेल तर हाताशी उरले १९ मीटर. त्यात वेग जुळवायला सव्वातीनचा ब्रेक लागतो, म्हणजे मर्यादेच्या काठावर. शिवाय उताराला जिंकायला ब्रेकला वरून ०.६ जास्त उचलावे लागतात. डिस्क आधीच तापलेल्या असतील, रस्त्यावर उसाच्या ट्रॉलीने आणलेली माती असेल, तर संपलं. हाच प्रसंग ४० च्या वेगाला: फरक २०, सेकंदाला साडेपाच मीटर, तेवढाच उशीर धरूनही ०.६ चा ब्रेक पुरतो. पाचपट कमी. घाटात वीस किलोमीटरचा फरक म्हणजे काय, ते या दोन आकड्यांत आहे.

आणि तो ट्रक बंद पडून उभाच असेल तर? बऱ्याच एसीसी यंत्रणा आधी हलताना न दिसलेल्या, जागेवर उभ्या वस्तूंकडे दुर्लक्ष करतात, खास करून जास्त वेगाला. कारण रडारला रस्त्याकडेचे खांब, कठडे, फलक, पूल हे सगळं लोखंड दिसत असतं. प्रत्येकासाठी ब्रेक मारला तर गाडी चालवणंच अशक्य. घाटात टायर बदलत उभा असलेला ट्रक हा त्यांच्यासाठी असाच एक खांब.

गळीत हंगामात आपल्याकडे यात भर पडते. सांगली-साताऱ्यात हंगाम सुरू झाला की संध्याकाळनंतर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. मागे दिवा नाही, ऊस ट्रॉलीच्या मागे मीटरभर लोंबतोय. रडारला ठळक दिसते ती ट्रॉलीची लोखंडी चौकट, म्हणजे अंतर ऊस संपतो तिथून नाही, चौकटीपासून मोजलं जातं. कॅमेऱ्याला गाडीची पाठ ओळखायला शिकवलेलं असतं. पानांचा हिंदकळता ढीग तो गाडी म्हणून धरेलच याचा भरवसा नाही. बैलगाडी तर सोडूनच द्या. त्या दिवसांत मी सपाट रस्त्यावरसुद्धा अंधार पडल्यावर एसीसी वापरू नका असंच सांगतो.

तर प्रत्यक्षात काय करायचं.

खंबाटकीसारख्या एकेरी वाहतुकीच्या हायवे घाटात चढ सुरू होण्याआधीच क्रूझ काढा. चढावर लावून काही नुकसान नाही, पण मग माथ्यावर तो काढायचं लक्षात राहत नाही. माथा येण्याआधी, अजून सपाट भाग आहे तोवर, मॅन्युअल मोडमध्ये तिसरा घ्या. उताराला लागल्यावर घेऊ म्हणाल तर तोवर वेग वाढलेला असतो आणि मग गिअरबॉक्स जास्त आरपीएमच्या भीतीने खालचा गिअर नाकारतो. तिसऱ्यात वेग हळूहळू वाढत असेल तर ६० चे ६३ झाले की पायाने ठाम ब्रेक लावून ५० वर आणा आणि पाय पूर्ण काढा. पेडलवर पाय ठेवून खरवडत जाऊ नका. पॅड सुटलेले असतात तेवढा वेळ डिस्कला हवा मिळते. दर मिनिटाला दोनदा-तीनदापेक्षा जास्त ब्रेक लावावा लागत असेल तर गिअर अजून एक खाली हवा.

पसरणी, केळघर, कुंभार्ली, यवतेश्वर अशा दुहेरी वाहतुकीच्या घाटांत एसीसीचा विषयच काढू नका. दुसरा गिअर, वेग ३० ते ४०. दुसऱ्यात ४० ला डिझेल इंजिन २३०० च्या आसपास फिरतं, आवाज वाढतो. नव्या गाडीवाल्यांना तो आवाज ऐकून इंजिन खराब होईल अशी भीती वाटते. होत नाही. त्या वेळी इंजिनात थेंबभरही डिझेल जात नाही. उलट न्यूट्रल करून उतरणारे डिझेल वाचवतोय समजतात, तेव्हा इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जळत असतं आणि सगळा घाट ब्रेकवर. लेन धरून ठेवणारी मदतही बंद करा. पुसट पांढरा पट्टा आणि कठड्याची कड यांत ती गोंधळते.

घाट संपल्यावर एक चूक हमखास होते. क्रूझ काढला तरी जुना आकडा, समजा ८०, आठवणीत असतो. वळणांमध्येच जरा सरळ रस्ता दिसला म्हणून रिझ्यूम दाबलं की गाडी ८० कडे धावते. घाटानंतर नेहमी नव्याने सेट करा. अजून एक: एसीसी चालू असताना पाय ॲक्सिलरेटरवर टेकलेला असेल तर बहुतेक गाड्यांत तो ब्रेक लावत नाही, कारण त्याच्या मते तुम्हालाच पुढे जायचंय.

एसीसी उतारावर मुळीच वापरू नये असं मात्र नाही. दुभाजक असलेला रस्ता, २-३ टक्क्यांचा लांब उतार, वळणं मोठ्या घेराची, वाहतूक एका लयीत, रस्ता कोरडा: तिथे तो चांगलं काम करतो. पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं ते दाखवणाऱ्या मीटरमधल्या रेघा सगळ्यात जास्त ठेवा. दोन सेकंदांचं अंतर ६० ला ३३ मीटर होतं, एक सेकंदाचं निम्मं. पावसात आणि पाचगणीच्या धुक्यात नको. रडारला धुक्यातून दिसेलही, कॅमेऱ्याला दिसत नाही, आणि तुम्हाला तर नाहीच.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत एसीसी असेल तर तो गिअर बदलूच शकत नाही, त्यामुळे उतारावर सगळा भार ब्रेकवर. हिल डिसेंट कंट्रोल हे घाटासाठीचं बटण आहे असा एक समज आहे. ते कच्च्या, निसरड्या वाटेवर रांगत्या वेगाने उतरण्यासाठी आहे, आणि तेही ब्रेकनेच धरतं. डांबरी घाटात ते लावून दहा किलोमीटर उतरणं म्हणजे पुन्हा तोच वास.

इलेक्ट्रिक गाडीवाल्यांसाठी वेगळं सांगतो, कारण त्यांचा एसीसी उतारावर खरंच चांगला वागतो. तो आधी मोटरने धरतो, ब्रेक नंतर. पसरणी उतरताना एक-सव्वा युनिट वीज परतही मिळते. पण बॅटरी १०० टक्के भरलेली असेल तर ती वीज ठेवायला जागा नसते, मोटर धरणं सोडते आणि सगळं ब्रेकवर येतं. पाचगणीच्या हॉटेलात रात्रभर चार्जिंगला लावून सकाळी खाली उतरणाऱ्यांचं नेमकं हेच होतं. ९० वर थांबवा.

वास आलाच, पेडल मऊ लागलं किंवा नेहमीपेक्षा खोल जायला लागलं, तर गिअर खाली घेत वेग कमी करा आणि रुंद जागा बघून डावीकडे थांबा. गाडी पार्कमध्ये, चाकाला दगड. हँडब्रेक ओढू नका, आणि इलेक्ट्रिक असून पार्क करताच आपोआप लागत असेल तर सपाट जागा बघून सोडवा. तापलेल्या डिस्कला पॅड दाबून ठेवले की ते तिथेच चिकटतात आणि नंतर ब्रेक थरथरतो. पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते किंवा तडकते. वीस मिनिटं ते अर्धा तास लागतो. चाकापासून वीतभर लांब तळवा धरून धग लागत नसेल तर निघा.

आता तुमच्या गाडीचं. एकदाच वास आला, डिस्कवर निळसर डाग नाहीत, पेडल घट्ट आहे, तर पॅड बदलायची घाई नको. जाडी मोजून घ्या, ३ मिलिमीटरच्या खाली असेल तर बदला. सर्व्हिस सेंटरला 'एसीसी बघा' असं मोघम सांगू नका. तीन गोष्टी लिहून मागा: रडारच्या उभ्या कोनाची तपासणी, कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन कधी झालं त्याची नोंद, आणि ब्रेक ऑइलमधल्या पाण्याचं प्रमाण. शेवटचं फार जण टाळतात. डॉट ४ ऑइल नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. हवेतलं पाणी शोषून जुनं झालं की तीच किमान मर्यादा १५५ वर येते. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल नुसतंच खाली जातं. एसीसीचा पंपही तीच वाफ दाबत बसतो. कोकणात-महाबळेश्वरात जाणं-येणं असेल तर दोन वर्षांनी ऑइल बदला, किलोमीटर कमी झाले असले तरी.

आणि पुढच्या खेपेला वडिलांना शेजारी बसवा. काम एकच: उतार लागला की टॅकोमीटरकडे बघायचं, आणि काटा २००० च्या खाली गेला की टोकायचं.